दोन इंचांच्या आत

काचेखाली एकतीस चाकू होते. ज्ञानदाने ते दोनदा मोजले, कारण पहिल्या वेळी मोरेश्वरमामांनी मधेच एकावर बोट ठेवलं आणि तिचा आकडा चुकला. नऊ बटणाचे, म्हणजे बटण दाबलं की पातं खटकन बाहेर येणारे. सात अनेक पात्यांचे. त्यांत कात्री, बूच काढायचा स्क्रू आणि कान कोरायला चालेल असं काहीतरी. पाचांच्या मुठीवर ड्रॅगन छापलेला. सहा साधे, लाकडी मुठीचे, सफरचंद कापायला बरे. आणि उजव्या कोपऱ्यात चार, पितळी मुठीचे, मिटवलेले, पण पातं इतकं रुंद की मिटल्यावरही त्याची पाठ मुठीबाहेर राहिलेली.

"हे चार," मामा म्हणाले. "बाकीच्यांनी फार तर पाकिटं फोडता येतील."

दुकान चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, त्रिपोलिया बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. मालक साबिरभाई मागच्या खोलीत स्वतः धार लावायचे आणि पुढे येऊन स्वतःच विकायचे. ज्ञानदाने पर्समधून व्हर्नियर काढलं, जबडे मिटवून आकडा शून्य आहे ना ते पाहिलं आणि पहिला चाकू मागितला.

साबिरभाईंनी चाकू दिला, पण नजर त्या यंत्रावरच. "मैडम, जौहरी हैं?"

"नहीं. लैब में हूँ."

हे खरं होतं. पदार्थविज्ञानात एमएस्सी करून ज्ञानदा सीतापुऱ्यातल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये लागली होती. कारखान्यांतली मोजमापाची साधनं तिथे तपासायला यायची, आणि ती खरं बोलतात का हे ठरवणं हे तिचं काम. व्हर्नियर मात्र तिचं स्वतःचं होतं. तेही तिने तपासून, दाखला घेऊन ठेवलेलं.

चाकू हवा होता तो तिच्या भावासाठी. प्रथमेशची हळद मंगळवारी होती आणि लग्न गुरुवारी, प्रतापनगरच्या सामुदायिक केंद्रात. नवरी ईश्वरी इथल्याच बँकेतल्या मराठी अधिकाऱ्यांची मुलगी. ढाण्यांच्या घरात हळद लागलेला नवरदेव अक्षता पडेपर्यंत मोकळ्या हाताने उंबरठा ओलांडत नाही. हातात शस्त्र आणि शस्त्राच्या टोकाला लिंबू. कोरेगावला काकांकडे त्यासाठी जुनी कट्यार होती, पातंच जवळजवळ फूटभर. मामा साताऱ्याहून येताना ती आणणार होते, पण शेवटच्या क्षणी त्यांनी ती परत खुंटीला लावली. "रतलामला उतरवून घेतलं असतं मला," ते म्हणाले. "आणि मग तुमच्याकडे एक माणूस कमी."

एरवी भागलं असतं. नवरदेवाने दोन दिवस घराबाहेर पाऊल टाकायचंच नाही, झालं. पण प्रथमेशच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी नेमकी बुधवारी सकाळी अकराला आली. त्याने फोनवर दिवस बदलून मागितला, तर उत्तर आलं की साहेब गुरुवारपासून पंधरा दिवस रजेवर आहेत. पंधरा दिवस थांबायला त्याची कंपनी तयार नव्हती. महिनाअखेरीस पासपोर्ट हातात असेल तर म्युनिकचं काम त्याचं, नाही तर त्याच्या शेजारच्या खुर्चीवरच्या स्वप्नीलचं.

म्हणजे नवरदेवाने शस्त्र घेऊन जायचं होतं ते थेट पोलीस ठाण्यात.

"नाही घेत," प्रथमेश म्हणाला होता.

"मग नाही जात," रत्नप्रभाबाई म्हणाल्या होत्या.

आईच्या या हट्टामागे काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. माहेरीही तीच रीत होती, आणि मोरेश्वरमामांच्या लग्नात त्या करवली होत्या. हळदीच्या दुसऱ्या दिवशी मामा दाढी करायला निघाले, तेव्हा त्यांच्या मागे सुरी धरून चालणं हे करवलीचं काम. रत्नप्रभाबाईंनी गजरा माळण्यासाठी सुरी खिडकीत ठेवली, आणि मामा थांबले नाहीत. चौकात स्कूटर आली. मामांच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत उजवा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, आणि तो पाय अजूनही जिना चढताना मागे राहतो. मामा त्यावर हसायचे. रत्नप्रभाबाई त्या फोटोंचा अल्बम उघडत नसत. या वेळची करवली ज्ञानदा होती.

अखेर बाबांनी, म्हणजे वसंतरावांनी, तोड काढली. आयुष्य विमा कंपनीत काढलेलं असल्यामुळे दोन्ही बाजूंनी सही होईल असा मसुदा त्यांना जमायचा. शस्त्र न्यायचं, पण खिशात मावणारं, मिटवता येणारं आणि कायद्यात बसणारं. रत्नप्रभाबाईंनी त्यात एक कलम घातलं. "भाजीचा चाकू नको. इथले नवरे कमरेला तलवार लावून येतात. ईश्वरीकडच्यांनी बघितलं तर बघण्यासारखं असावं."

कायदा बघायचं काम ज्ञानदाकडे आलं. तिने नियम काढून वाचले. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत. घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारं वेगळी. घरातल्या सगळ्यांनी त्यातलं नऊ इंच तेवढं लक्षात ठेवलं. तिने "किंवा" या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला. राज्याचा किंवा शहराचा वेगळा आदेश असू शकतो, म्हणून दोन ठिकाणी फोन करून विचारलं. या आठवड्यात तसा काही आदेश नाही, पण बटणाचा चाकू बाळगू नका, असं उत्तर मिळालं. ते तिने तारखेसह वहीत लिहून ठेवलं.

म्हणून काचेखालचे पहिले नऊ तिने हातातही घेतले नाहीत.

"भाई, कट्यार नहीं है क्या?" मामांनी मधेच विचारलं.

"कटार? क्यों नहीं," म्हणत साबिरभाईंनी मागच्या भिंतीवरून एक वस्तू काढून काउंटरवर ठेवली. मूठ आडवी, मुठीत धरून ठोसा मारावा तशी, आणि पुढे तिकोनी पातं. मामांचा चेहरा उजळला.

"ज्ञानदा, हे बघ. वीतभरसुद्धा नाही. सात इंच. बसतंय की कायद्यात."

तिने मुठीजवळ व्हर्नियर लावलं. "एकोणसत्तर पूर्णांक चार मिलिमीटर."

"म्हणजे?"

"रुंदी पावणेतीन इंच. हे घेऊन दादा ठाण्यात गेला तर लग्नाला व्हिडिओ कॉलवर हजर राहील."

"आणि मिटत पण नाही," मामांनी स्वतःच कबूल केलं आणि कटार हळूच परत सरकवली.

मग ते चार पितळी. उघडल्यावर पातं पिंपळाच्या पानासारखं पसरायचं, मधे फुगीर आणि टोकाला निमुळतं. बघणाऱ्याची नजर तिथेच थांबेल असं. चारही पाती अकरा सेंटीमीटरच्या आसपास, तेव्हा लांबीची काळजी नव्हती. प्रत्येकाच्या सगळ्यांत रुंद जागी तिने तीन-तीन वेळा मोजलं आणि वहीत लिहिलं. त्रेपन्न पूर्णांक चार. बावन्न पूर्णांक सात. चोपन्न पूर्णांक एक. चौथा पन्नास पूर्णांक सहा.

"दोन इंच म्हणजे किती?" मामांनी विचारलं.

"पन्नास पूर्णांक आठ."

"मग हा चौथा बसला. द्या बांधून."

चौथा बसत होता, यात शंका नव्हती. तिच्या व्हर्नियरची चूक फार तर शतांशांत असती. पण ठाण्यात व्हर्नियर नसणार. तिथे पट्टी असणार, पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा असणार, आणि पन्नास पूर्णांक सहा हे पट्टीवर एक्कावन्न दिसणार. एक्कावन्न कायद्याबाहेर.

तिने हे मामांना सांगितलं.

"म्हणजे कायद्यात बसतो, पण हवालदाराच्या पट्टीत बसत नाही," मामा म्हणाले.

"तसंच."

"मग हवालदाराला सांग ना, तुझं यंत्र बरोबर आहे म्हणून. तू तर लॅबवाली."

"हवालदाराला आपण काय सांगायचं मामा? तोच आपल्याला सांगणार."

साबिरभाईंना त्या दोघांचं मराठी कळत नव्हतं, पण आकड्यांवरून अडचण कळली असावी. त्यांनी चौथा चाकू उचलला, पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कितना कम चाहिए?"

"ढाई मिलिमीटर."

"पीठ से निकाल देता हूँ. धार को हाथ नहीं लगेगा."

ते मागच्या खोलीत गेले. चाकाचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. मामा दारातल्या स्टुलावर बसून पाय चोळत म्हणाले, "आमच्या वेळी सुरी भाजीचीच होती गं. घरातली. पण ताई अजून म्हणते, मी ठेवली म्हणून झालं. स्कूटरवाल्याचं कोणी नावच घेत नाही."

"तुम्ही आईला कधी सांगितलं नाही का, तिची चूक नव्हती म्हणून?"

"सांगितलं की. तीस वर्षं सांगतोय. पण माझा पाय दिसतो ना तिला."

साबिरभाईंनी चाकू आणून दिला. पात्याची पाठ आता ताजी, पांढरी चमकत होती. ज्ञानदाने तीन वेळा मोजलं. अठ्ठेचाळीस पूर्णांक एक. तिन्ही वेळा तेच.

घरी रत्नप्रभाबाईंनी चाकू उघडून उजेडात धरला. मग एवढंच म्हणाल्या, "बरा आहे," आणि देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. त्या घरात याला पसंती म्हणतात.

बुधवारी सकाळी दारात वेगळीच अडचण निघाली. लिंबू टोचलेला चाकू मिटत नाही, आणि न मिटलेला चाकू खिशात राहत नाही. प्रथमेश पिवळ्या कानांनी, कुर्ता घालून, कागदांची फाइल काखेत मारून उभा होता.

"आई, रिक्षावाला थांबलाय."

"थांबू दे."

"लिंबू आणि चाकू वेगवेगळे ठेवले तर चालेल ना? मतलब, एकाच माणसाकडे आहेत."

रत्नप्रभाबाईंनी विचार केला. उंबरठ्यात चाकूचं टोक लिंबाला टोचलं, काढलं, पातं पुसून मिटवलं. "एकाच खिशात," त्या म्हणाल्या. "आणि ठाण्याच्या फाटकाशी ज्ञानदाकडे द्यायचं. तिच्या हातातच राहील, खाली ठेवायचं नाही. ज्ञानदा, ऐकतेस ना?"

"हो आई."

"कुठेच ठेवायचं नाही."

"नाही ठेवत."

ठरलेलं इतकं सोपं होतं. फाटकाच्या दहा पावलं अलीकडे थांबायचं, चाकू आणि लिंबू ज्ञानदाच्या हातात द्यायचं, ती आणि मामा बाहेर बाकावर बसणार, प्रथमेश आत जाऊन येणार. पण रिक्षा थेट फाटकासमोरच उभी राहिली, आणि मामा आधी उतरले. सरकारी माणसापासून काही लपवायचं नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम. पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारलं, "क्या काम है?"

मामांनी हात जोडले. "नमस्कार साहब. ये दूल्हा है हमारा. पासपोर्ट का है. और इसके पास शस्त्र है."

घरात आठ दिवस तो शब्द हळकुंड, सुपारी आणि तांदूळ यांच्या रांगेत बसलेला होता. मामांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. शिपाई मात्र खुर्चीवरून उठला.

"कौन सा शस्त्र? लाइसेंस दिखाइए."

"लाइसेंस नहीं, नींबू है साथ में," मामा म्हणाले, आणि ज्ञानदाने डोळे मिटून घेतले.

पाच मिनिटांनी ते तिघंही आत, हेड कॉन्स्टेबलच्या टेबलासमोर उभे होते. टेबलावर प्रथमेशची फाइल, तिच्या शेजारी चाकू आणि चाकूशेजारी टोचलेलं लिंबू. हेड कॉन्स्टेबल पन्नाशीचे, नाकावर चष्मा, बोलायला सावकाश. त्यांनी चाकू उघडला आणि पातं फिरवून पाहिलं.

"शादी में चाकू?"

"हमारे यहाँ रखते हैं सर. हल्दी के बाद," प्रथमेश म्हणाला.

"नज़र के लिए?"

"मम्मी के लिए."

हेड कॉन्स्टेबलांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "हमारे यहाँ तलवार होती है. फोटो के बाद वापस टेंटवाले को." मग ते पुन्हा पात्याकडे वळले. "लंबा तो नहीं है. चौड़ा है."

ज्ञानदाला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. "किंवा" वाचलेला तिला भेटलेला हा पहिलाच.

त्यांनी खणातून लाकडी पट्टी काढली. रजिस्टरमध्ये रेघा मारायची, शाईने काळी झालेली. पात्याच्या फुगीर भागावर ती आडवी धरली, पट्टीचं टोक धारेला लावलं, चष्मा वर केला आणि वाचलं, "पाँच दशमलव एक."

त्यांनी पट्टी तशीच धरून ठेवली.

"दो इंच कितना होता है?" त्यांनी कोणालाच उद्देशून नाही, असं विचारलं.

प्रथमेशने ज्ञानदाकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तिला नीट कळला. "पाँच दशमलव शून्य आठ, सर," ती म्हणाली.

"अगं," मामा पुटपुटले, "तुला कोणी विचारलं होतं?"

"विचारलं ना त्यांनी."

हेड कॉन्स्टेबलांनी फाइल मिटवली आणि हाताच्या तळव्याने थोडी बाजूला सरकवली. "ये पहले देखना पड़ेगा. ये दर्ज हो गया तो पासपोर्ट में रिपोर्ट साफ़ नहीं जाएगी. मैं कल से छुट्टी पर हूँ."

ज्ञानदाने पर्समधून व्हर्नियर, त्याचा दाखला आणि मोजमापांची वही काढून टेबलावर ठेवली. वहीत अठ्ठेचाळीस पूर्णांक एक, तीन वाचनं, तारीख, सही. हेड कॉन्स्टेबलांनी दोन्ही वरपासून खालपर्यंत वाचलं आणि परत दिलं.

"अच्छी चीज़ है. लेकिन आपकी है. आपके भाई का चाकू, आपका नाप, और दस्तख़त मेरे? कैसे करूँ?"

त्यांचं बरोबर होतं. लॅबमध्ये कोणी कारखानदार स्वतःच मोजलेला आकडा घेऊन आला असता, तर तिनेही हेच सांगितलं असतं. तिने व्हर्नियर परत ठेवलं. मधे प्रथमेश कपाळावरचा घाम पुसत होता आणि हळदीचे पिवळे पट्टे रुमालावर उतरत होते. मामा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. तिने त्यांच्या कोपराला हात लावला.

अठ्ठेचाळीसचे एक्कावन्न झाले होते. एका मिलिमीटरचा फरक तिने धरलाच होता, तिनाचा नाही. पातं रात्रीत वाढलं नसेल, तर तीन मिलिमीटर पट्टीत होते. ती टेबलावर जरा वाकली. पट्टीवरच्या दुसऱ्या सेंटीमीटरमध्ये दहा घरं होती. तिसऱ्यात दहा. पहिल्यात मोजली, तर सात. पट्टीचं टोक झिजून गोल झालं होतं, आणि त्याबरोबर शून्याची रेघही गेली होती.

"सर," ती म्हणाली, "पट्टी आपकी ही रहने दीजिए. नाप भी आप ही लीजिए. बस शून्य से नहीं, एक से शुरू कीजिए."

"क्यों?"

"शून्य घिस गया है."

हेड कॉन्स्टेबलांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. अंगठ्याने टोक चाचपलं. मग उलटी करून दुसरं टोक पाहिलं. ते तर तुटलेलंच होतं. "बाईस साल से इसी से लाइन खींच रहा हूँ," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी एकाची रेघ धारेला लावली. शिपायाला दुसऱ्या बाजूने वाकून बघायला सांगितलं. दोघांनी एकच आकडा वाचला, पाच पूर्णांक आठ. हेड कॉन्स्टेबलांनी फाइलच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने वजाबाकी केली. मग लांबीही तशीच घेतली, पुन्हा एकापासून, आणि पुन्हा वजाबाकी.

त्यानंतर त्यांनी फाइल ओढून घेतली, उघडली, प्रथमेशचे मूळ कागद एकेक करून ताडून पाहिले, दोन ठिकाणी त्याच्या सह्या घेतल्या आणि रिपोर्टवर स्वतःची सही करून शिक्का मारला. लिंबू बोटाने प्रथमेशकडे ढकललं.

"चाकू इनके हाथ में दीजिए," त्यांनी शिपायाला ज्ञानदाकडे बोट करून सांगितलं. "और गेट के रजिस्टर में चढ़ाइए."

फाटकाशी शिपायाने रजिस्टर उघडलं, तारीख आणि वेळ घातली, प्रथमेश वसंतराव ढाणे हे नाव मामांकडून दोनदा विचारून घेतलं, आणि पुढच्या रकान्यात लिहिलं: मुड़ने वाला चाकू एक, पीतल की मूठ, जाँच कर वापस. ब्लेड की लंबाई ११.२ से.मी., चौड़ाई ४.८ से.मी.